टोकदार कान आणि टोकदार प्रश्न

रविवारची सकाळ. साल १९८४-८५ च्या आसपासचे. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा दूरचित्रवाणीचे संच बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतला एक आमच्या शेजारच्या काकूंकडे होता. आंघोळी उरकून आळीतली दहा-बारा मुले त्यांच्या माजघरात सतरंजीवर दाटीवाटीने बसत. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि वरून ओरडे, “दिसतंय का?” खालून उत्तर जाई, “मुंग्याच मुंग्या!” अखेर पडद्यावरच्या मुंग्या पांगत आणि काळ्याभोर आकाशातून बशीच्या आकाराचे एक यान सरसर पुढे येई. मालिकेचे नाव होते ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत जवळजवळ वीस वर्षांपूर्वी तयार झालेली ही मालिका तेव्हा दूरदर्शनवर दाखवीत असत.

आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झालेले. त्यामुळे निम्म्याहून अधिक संवाद डोक्यावरून जात. तरीही कोणी जागचे हलत नसे. त्या यानात टोकदार कानांचा एक अधिकारी होता. बाकीचे सगळे गडबडून जात, तेव्हा तो मात्र शांतपणे एका यंत्रात डोकावून पाही, मान वर करी आणि एक भुवई उंचावी. त्या भुवईचे भाषांतर कोणी करून द्यावे लागत नव्हते. ‘हे काहीतरी नवीन दिसते आहे. घाबरण्याआधी नीट पाहू या,’ असे ती म्हणे. सोमवारी वर्गात निम्मी मुले एक भुवई वर करण्याचा सराव करीत. उरलेली मुले हाताची चार बोटे दोन-दोन अशी फाकवून त्या अधिकाऱ्याच्या पद्धतीने नमस्कार करीत. (करून पाहा. वाटते तितके सोपे नाही!)

आज मला विज्ञान शिकवू लागून तीस-बत्तीस वर्षे झाली. या काळात अशा जुन्या विज्ञानकल्पित मालिकांविषयी दोन टोकांची मते मी ऐकत आलो. काही पालक-शिक्षक म्हणतात, “सगळे थोतांड! मुलांच्या डोक्यात खोटे विज्ञान भरते.” काही चाहते म्हणतात, “वा! या लोकांनी भविष्य आधीच सांगून ठेवले होते.” मला ही दोन्ही मते पटत नाहीत. या मालिकांतले विज्ञान पुष्कळदा चुकीचे होते आणि त्यांचे भविष्यकथन तर योगायोगाच्या फार पुढे जात नाही. तरीही त्या मोलाच्या होत्या. अज्ञात गोष्टीसमोर माणसाने कसे वागावे, हे त्यांतल्या नटनट्यांनी आम्हांला दाखवले. हे माझे म्हणणे आता जरा उलगडून सांगतो.

पुठ्ठ्याचे यान, खरे कुतूहल

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत प्रक्षेपित झाला. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. ‘एंटरप्राइझ’ नावाचे यान दूरदूरच्या ताऱ्यांकडे जाते, नव्या सृष्टी पाहते आणि संकटांतून वाट काढते, अशी तिची साधी कल्पना होती. प्रेक्षकसंख्या बेताचीच असल्याने ती बंद पडण्याच्या बेतात होती. पण १९६८ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिला तिसरे वर्ष मिळाले. एकूण ७९ भाग झाले. शेवटचा भाग ३ जून १९६९ रोजी दाखवला गेला. त्यानंतर सातच आठवड्यांनी माणूस चंद्रावर उतरला! खरी लोकप्रियता मिळाली ती पुढे, १९७० च्या दशकात तिचे पुनःप्रक्षेपण गावोगावच्या केंद्रांवरून होऊ लागल्यावर.

पैसा थोडा आणि कल्पना मोठ्या, अशी त्या मंडळींची ओढाताण होती. यानातील दारे माणूस जवळ येताच आपोआप उघडत. प्रत्यक्षात पडद्यामागे उभा राहून कोणीतरी ती ओढत असे. यानातील डॉक्टर रोग्यावरून जी चकचकीत उपकरणे फिरवी, त्यांतली काही चक्क जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाण्या होत्या. एका भागासाठी नव्या घडणीच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना ओळखूच येणार नाही असे वाटल्याने त्या डॉक्टरांच्या पेटीत गेल्या. माणसाला एका ठिकाणी अदृश्य करून दुसरीकडे प्रकट करणारे यंत्रही काटकसरीतून आले. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायचे तर खर्च परवडणारा नव्हता.

म्हणजे सगळे खोटेच होते. मग खरे काय होते? तर नटांचा चेहरा. मीठदाणी हातात धरून ‘या रोग्याला काय झाले असेल?’ ही काळजी डॉक्टर मॅकॉयची भूमिका करणारे डीफॉरेस्ट केली अशी काही दाखवीत की मीठदाणीचे वैद्यकीय उपकरण होऊन जाई. त्यांना पाहून आपण डॉक्टर झालो असे सांगणारी माणसे त्यांना पुढे भेटत राहिली. मीठदाणी पाहून कोणी डॉक्टर होत नाही. पण रोग्याविषयीचे कुतूहल आणि कळवळा पाहून होऊ शकतो.

नट आणि भूमिका

त्या टोकदार कानांच्या अधिकाऱ्याचे नाव स्पॉक. तो यानावरचा विज्ञान अधिकारी होता. ही भूमिका लिओनार्ड निमॉय यांनी केली. त्यांचा जन्म १९३१ साली बॉस्टनमध्ये युक्रेनमधून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे केशकर्तनाचे दुकान होते. स्पॉकचा तो दोन-दोन बोटांचा नमस्कार त्यांनी आपल्या लहानपणातून आणला. प्रार्थनामंदिरात धर्मगुरू आशीर्वाद देताना हाताची तशी ठेवण करीत, ती त्यांच्या लक्षात राहिली होती. सुरुवातीला दूरचित्रवाणीच्या अधिकाऱ्यांना त्या कानांची धास्ती वाटली. हा माणूस सैतानासारखा दिसतो, लोक बिथरतील, म्हणून प्रसिद्धिपत्रकातील चित्रात कानांची टोके त्यांनी पुसून टाकली. प्रेक्षकांनी मात्र त्याच कानांवर जीव लावला.

विद्यार्थी मित्रांनो, यात एक विशेष होता. तोवरच्या अनेक कथांतला शास्त्रज्ञ विसरभोळा असे, नाहीतर वेडापिसा होऊन जग नष्ट करायला निघालेला असे. स्पॉक तसा नव्हता. तो निरीक्षण करी, मोजमाप घेई आणि माहिती पुरेशी नसेल तर ‘नक्की सांगता येत नाही’ असे स्पष्ट सांगे. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कमीपणा न मानता उच्चारणारा नायक आम्ही मुलांनी प्रथमच पाहिला.

अर्थात स्पॉकचेही सगळेच मानू नये. तो उठता-बसता तर्काची थोरवी गाई. पण विज्ञान नुसत्या तर्कावर चालत नाही. ‘सर्व जड वस्तू हलक्या वस्तूंपेक्षा लवकर पडतात, दगड जड आहे, म्हणून दगड लवकर पडेल’ हा तर्क म्हणून निर्दोष आहे. चूक आहे ती पहिल्या विधानात, आणि ती कळण्यासाठी वस्तू खाली टाकून पाहावी लागते. म्हणून तर कथेत स्पॉकशी सतत भांडणारा डॉक्टर मॅकॉय आणि दोघांचे ऐकून निर्णय घेणारा कप्तान कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, हेही हवे होते. एका डोक्यातून विज्ञान पुढे जात नाही. वाद घालणारी चार डोकी लागतात.

लोक स्पॉकमध्ये इतके गुंतले की निमॉय आणि स्पॉक यांतला फरकच विसरले. १९७५ मध्ये निमॉय यांनी आत्मकथन लिहिले त्याचे नाव ‘मी स्पॉक नाही’ अशा अर्थाचे होते. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, दुसरे लिहिले त्याचे नाव ‘मी स्पॉक आहे’! या दोन नावांत पुष्कळ शहाणपण आहे. नट हा शास्त्रज्ञ नसतो. डॉक्टरचा पांढरा कोट घालून जाहिरातीत दंतमंजन विकणारा माणूस डॉक्टर नसतो, तसेच हे आहे. पण एखादी चांगली वृत्ती नट इतक्या मनापासून साकारतो की ती त्याचीही होते आणि पाहणाऱ्याचीही.

यानाचा अभियंता स्कॉटी याची भूमिका करणारे जेम्स डूहान यांची गोष्ट पाहा. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या सैन्यात होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तुकड्यांत ते होते आणि त्या दिवशी गोळ्या लागून उजव्या हाताचे मधले बोट त्यांनी गमावले. मालिकेत तो हात ते शक्यतो कॅमेऱ्याआड ठेवीत. हा माणूस खरा अभियंता नव्हता. पण त्यांना पाहून इतकी मुले अभियांत्रिकीकडे वळली की अमेरिकेतील मिलवॉकी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

यानात कोण बसले होते?

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यानाच्या मुख्य कक्षात कोण कोण बसले होते, ते आठवा. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री होती. सुकाणूवर सुलू हा आशियाई वंशाचा. त्याची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, केवळ जपानी वंशाचे म्हणून आईवडिलांसह अमेरिकेतल्याच छावणीत डांबले गेले होते. दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे १९६७ पासून, त्यांच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन तरुण येऊन बसला. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया तेव्हा एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, हे ध्यानात घ्या. आम्हां सतरंजीवरच्या मुलांना हा इतिहास ठाऊक नव्हता. आम्हांला एवढेच दिसले की अवकाशात जायला सगळे गोरेच असावे लागतात असे काही नाही.

उहुराची भूमिका निशेल निकोल्स यांनी केली. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडून रंगभूमीकडे जायला निघाल्या होत्या. त्याच सुमारास मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली आणि त्यांनी ‘सोडू नका’ असे आग्रहाने सांगितले, ही आठवण निकोल्स पुढे अनेकदा सांगत. त्या थांबल्या. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाशसंस्थेने स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून प्रचाराचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्या गावोगाव फिरल्या. त्या निवडीसाठी आठ हजारांवर अर्ज आले आणि १९७८ मध्ये ३५ जण निवडले गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय होते आणि एक आशियाई वंशाचा होता. अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड याच तुकडीतली. याचे सगळे श्रेय एका नटीला देणे शास्त्रीय ठरणार नाही, कारण काळही बदलत होता. पण दार उघडले आहे हे सांगायला ओळखीचा चेहरा लागतो. तो त्यांचा होता.

शिकागोत वाढलेली एक मुलगी उहुराकडे पाहत मोठी झाली. तिचे नाव मे जेमिसन. ती डॉक्टर झाली, अभियंता झाली आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी ‘एन्डेव्हर’ यानातून अवकाशात गेली. तेथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. यानात आपल्या कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचे संपर्क खुला असल्याचे ठरावीक वाक्य म्हणत असे! पुढच्याच वर्षी तिने ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या पिढीच्या मालिकेत एका भागात छोटी भूमिकाही केली. आधी नटीने अंतराळवीराचे सोंग घेतले, मग खऱ्या अंतराळवीराने नटीचे!

प्रेम असले तरी दोष झाकू नयेत. याच मालिकेच्या शेवटच्या भागात स्त्रियांना यानाचे कप्तानपद मिळत नाही असे सुचवले होते. कथा कितीतरी शतके पुढची, पण विचार १९६९ चाच! खरे तर मालिका सुरू होण्याआधीच, १९६३ मध्ये, सोव्हिएत रशियाच्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा एकट्याने अवकाशात जाऊन आल्या होत्या. आणि १९९९ च्या जुलैमध्ये आयलीन कॉलिन्स या अमेरिकन अवकाशयानाच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या. कधी कधी वास्तव कल्पनेच्या पुढे असते, ते असे.

चुका शोधण्याचा आनंद

आता त्या ‘खोट्या विज्ञाना’कडे वळू. मालिकेतले विज्ञान तपासून पाहणे हा फारच मजेदार अभ्यास आहे. वही-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट आवाजाची. ‘एंटरप्राइझ’ पडद्यावरून जाताना सूंऽऽ असा आवाज येई. ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते आणि दोन ताऱ्यांमधल्या जागेत जवळजवळ काहीच नसते. तेव्हा हा आवाज कोणालाही ऐकू येणार नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. वस्तुमान असलेल्या कोणत्याही वस्तूला हा वेग गाठता येत नाही, असे आइन्स्टाइन यांचा १९०५ चा विशेष सापेक्षता सिद्धांत सांगतो. मालिकेतले यान मात्र ‘वार्प’ नावाच्या वेगाने जाई. चाहत्यांच्या हिशेबात वार्प-अंकाचा घन केला की प्रकाशाच्या किती पट वेग ते कळते. म्हणजे वार्प ६ म्हणजे ६ × ६ × ६ = २१६ पट. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. ४.२४ ला २१६ ने भागून दिवस करा. उत्तर येते सुमारे सात दिवस. आता तुलनेसाठी खरे यान घेऊ. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले ‘व्हॉयेजर-१’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. तेवढेच अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. आणि गंमत अशी की आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. ती पार करायला ‘एंटरप्राइझ’लाही वार्प ६ ने ४६३ वर्षे लागतील! विश्व किती अफाट आहे, हे पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यापेक्षा या दोन भागाकारांनी अधिक कळते.

तिसरी गोष्ट माणसाला अदृश्य करून दुसरीकडे धाडणाऱ्या यंत्राची. समजा, ५० किलो वजनाच्या एका विद्यार्थ्याचे सगळे वस्तुमान ऊर्जेत बदलायचे आहे. आइन्स्टाइन यांच्या सूत्राप्रमाणे वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणा. उत्तर ४.५ × १०^१८ ज्यूल. हा आकडा किती मोठा? आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कोयनेची सगळी जनित्रे रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवली तर एवढी ऊर्जा निर्माण व्हायला सुमारे ७३ वर्षे लागतील! तेव्हा शाळेत जायला सायकलच बरी.

चौथी गोष्ट स्पॉकच्या रक्ताची. आपल्या रक्तात लोह असते, त्याच्या रक्तात तांबे, म्हणून ते हिरवे, असे मालिकेत सांगत. ही कल्पना अगदीच निराधार नाही. खेकडा, कोळंबी, ऑक्टोपस यांच्या रक्तात तांबे असलेले हिमोसायनिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. फक्त त्याचा रंग हिरवा नसून निळसर असतो.

पाहिलेत ना? एका ‘थोतांड’ मालिकेतून ध्वनी, सापेक्षता, ऊर्जा आणि रक्तरसायन असे चार धडे निघाले. चुकीचे विज्ञान तपासायला जावे तर बरोबर विज्ञान हाती लागते.

भविष्यकथनाचे दावेही असेच तपासून घ्यावेत. ‘स्टार ट्रेक’मधल्या झाकणाच्या संपर्कयंत्रावरूनच मोबाईल फोन सुचला, असे सर्रास सांगतात. ३ एप्रिल १९७३ रोजी हातात मावणाऱ्या मोबाईल फोनवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर यांनी मात्र आपल्याला प्रेरणा मिळाली ती त्याहून जुन्या एका चित्रकथेतील गुप्तहेराच्या मनगटी रेडिओवरून, असे पुढे सांगितले. आवडती गोष्ट असली तरी पुरावा विचारावा. आमच्या टोकदार कानवाल्यालाही हेच आवडले असते.

माझी एक चूक

इतके सांगितल्यावर एक कबुली देणे भाग आहे. १९९६-९७ च्या सुमाराची गोष्ट. मी नवा शिक्षक होतो. घरोघर केबल आली होती आणि तिच्यावर ‘स्टार ट्रेक’च्याच घराण्यातील पुढची एक मालिका लागत असे. मी नववीच्या वर्गात प्रकाशाच्या वेगाविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कधी न बोलणारी. म्हणाली, “सर, मी शब्दकोशात पाहिलं. वार्प म्हणजे वाकवणं, पिळणं. मग ते यान नेमकं काय वाकवतं?”

मला उत्तर येत नव्हते. अभ्यासक्रम मागे पडला होता, घंटा व्हायला आली होती. मी म्हणालो, “त्या मालिका बघणं सोड आणि पुस्तकातलं वाच. परीक्षेत ते विचारणार आहेत.” वर्ग हसला. ती खाली बसली. वर्ष संपेपर्यंत तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे काही वर्षांनी मला एक लेख वाचायला मिळाला. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये, म्हणजे माझ्या त्या तासाच्या दोन-तीन वर्षे आधी, एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमानामुळे अवकाश वाकते. याचा पुरावा १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात मिळाला. अल्कुबिएरे यांनी विचारले, यानाच्या पुढचे अवकाश आकुंचन पावले आणि मागचे प्रसरण पावले तर? यान आपल्या जागी प्रकाशापेक्षा वेगाने जाणार नाही, पण अवकाशच त्याला वाहून नेईल. गणितात हे बसते. प्रत्यक्षात त्यासाठी ऋण ऊर्जा लागते आणि ती हव्या त्या प्रमाणात कोठून आणायची हे कोणालाच ठाऊक नाही. आपल्या निबंधाच्या शेवटी त्यांनी या कल्पनेला विज्ञानकथांतल्या वार्पची उपमाही दिली होती.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने जो प्रश्न शब्दकोश उघडून विचारला होता, तोच एका शास्त्रज्ञाने समीकरणे मांडून विचारला होता. त्याने निबंध लिहिला. तिला मी खाली बसवले.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून माझी एक विनंती आहे. वर्षातून एक तास असा काढा. मुलांना अशा एखाद्या मालिकेतील एक भाग दाखवा किंवा त्याची गोष्ट सांगा. मग फळ्यावर तीन रकाने आखा: ‘आज शक्य आहे’, ‘आपल्याला माहीत असलेल्या नियमांनुसार अशक्य आहे’ आणि ‘अजून कोणालाच माहीत नाही’. मुलांनी प्रत्येक गोष्ट योग्य रकान्यात घालावी आणि कारण सांगावे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तास फुकट गेला असे समजा. आणि प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, शोधू या’ असे म्हणा. आमच्या त्या विज्ञान अधिकाऱ्याने म्हटले, तेव्हा त्याचा मान कमी झाला नव्हता. तुमचाही होणार नाही.

जाता जाता

ती मंडळी आता एकेक करून गेली. केली १९९९ मध्ये गेले, डूहान २००५ मध्ये, निकोल्स २०२२ मध्ये. निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले. त्यांना फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार झाला होता. धूम्रपान त्यांनी सुमारे तीस वर्षांपूर्वीच सोडले होते, तरीही झालेली हानी भरून आली नाही. शेवटच्या काळात ते लोकांना सिगारेटपासून दूर राहा असे कळकळीने सांगत राहिले. हा धडा मात्र कल्पित नव्हता. एका लघुग्रहाला आज ‘४८६४ निमॉय’ असे नाव आहे.

कप्तान झालेले शॅटनर १३ ऑक्टोबर २०२१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खरोखरच अवकाशात जाऊन आले. साऱ्या आकाशगंगेत भटकलेल्या कप्तानाची ही सफर उणीपुरी दहा मिनिटांची आणि जेमतेम शंभर किलोमीटर उंचीची होती. ताऱ्यांकडे पाहून आनंद होईल असे त्यांना वाटले होते. पण त्यांनी नंतर लिहिले की बाहेरचा थंडगार काळोख आणि खाली ऊबदार पृथ्वी पाहून त्यांना तीव्र दुःख झाले, कारण तिची आपण काय दशा करीत आहोत हे त्यांना जाणवले.

काकूंचे कौलारू घर आता राहिले नाही. अँटेनाही गेल्या. तुमच्या हातातल्या फोनवर तो जुना भाग आज केव्हाही पाहता येतो, मुंग्यांशिवाय. जरूर पाहा. पुठ्ठ्याच्या भिंतींना हसा, मीठदाणी ओळखा, चुका शोधा. पण तो टोकदार कानवाला यंत्रात डोकावून भुवई उंचावील, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्याला काय विचारावेसे वाटले असेल ते आपल्या वहीत लिहा.

आणि मागच्या बाकावरची ती माझी विद्यार्थिनी? ती आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. हा लेख तिच्या हाती पडला तर तिला एवढेच सांगायचे आहे: ते यान अवकाश वाकवते. ते जमेल की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. प्रश्न फार चांगला होता.